मले, मला आणि मेले

मनकर्णाबाईंनी आपल्या कादंबरीत सगळी मिळून तीन माणसं मारली होती. बाकीचं गाव मोबाईलनं मारलं.

बाई चौथीपर्यंत शिकलेल्या. वाचता येतं, सही येते, पण हातानं लिहायला बसलं की पहिल्या ओळीला मनगट दुखायचं आणि दुसऱ्या ओळीला डोकं. म्हणून सुनेनं, उज्ज्वलानं, त्यांच्या मोबाईलमध्ये एक सोय करून दिली. आपण बोलायचं, त्यानं लिहायचं. बाईंना हे यंत्र एकदम पटलं. मध्ये तोंड न घालता, सांगितलं तेवढं निमूट लिहून घेणारा प्राणी त्यांच्या घरात पहिल्यांदाच आला होता. वांग्याची तोडणी आटोपली, सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधून झाल्या, की बाई अंगणातल्या बाजेवर बसायच्या, मोबाईल तोंडासमोर धरायच्या आणि कादंबरी सांगायच्या. भागिरथा नावाच्या बाईला आपल्या मळ्यातला भाजीपाला स्वतः वाशीमच्या बाजारात न्यायचा असतो आणि घरातलं एकेक माणूस तिला उंबऱ्यात अडवतं, अशी ती गोष्ट. भागिरथा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच म्हणते, आणि तेच कादंबरीचं नाव: 'मले जाऊ द्या'.

आता हे यंत्र शिकवलेलं कोणीतरी दूरच्या शहरात. त्याच्या सात पिढ्यांत कोणी बाईंच्या गावी, केनवडला, आलेलं नसावं. त्याला 'मले' हा शब्द ऐकूच येईना. बाई म्हणायच्या 'मले', ते लिहायचं 'मेले'. 'मेले भूक लागली.' 'आत्याबाई, मेले माहेरी धाडा.' 'तिले' म्हटलं की 'तेल' लिहायचं आणि 'त्याले' म्हटलं की 'प्याले'. 'तिले सांगू नोको, त्याले सांग' हे भागिरथेच्या सासूचं साधं वाक्य कागदावर 'तेल सांगू नको, प्याले सांग' असं उतरलं. बिचाऱ्या माळकरी सासूचं हॉटेल होऊन बसलं.

तेल आणि प्याले बाईंनी हळूहळू निपटून काढले. मेलेले काही निपटेनात.

वाशीमला रंगराव सरांचा छापखाना होता. सर आयुष्यभर शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले, कादंबरी छापायला त्यांनीच घेतली होती. त्यांनी कागद लाल पेनानं रंगवून परत पाठवले. समासात जागोजागी लिहिलेलं: 'कोण मेले?' 'कधी मेले?' 'मागच्या पानावर तर जेवत होते!' एका ठिकाणी तर सरांना राहवलं नव्हतं. 'बाई, इतके मृत्यू वाचकाला सोसणार नाहीत. निम्मे तरी वाचवा.'

बाईंनी लगेच फोन लावला.

"सर, ते मेले नाही, मले हाय."

"अस्सं! मग सोपं आहे. एक बटण दाबतो. सगळे 'मेले' एका झटक्यात 'मला' होतील."

"मला? कोनाले मला?"

"म्हणजे भागिरथा म्हणेल, मला जाऊ द्या."

"माही भागिरथा? मला जाऊ द्या?" बाईंनी मोबाईल कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिलं, जणू सर त्यात दिसत होते. "काहून? ते काय कलेक्टरीन हाय? गोठ्यातलं शेन काढता काढता 'मला' म्हनली तर म्हशी बिचकतीन तिच्या!"

"बाई, प्रमाण भाषा म्हणून काही असते."

"असू द्या न. तिच्या घरी सुखानं नांदू द्या. माह्या कादंबरीत कायले आनता तिले?"

सर मवाळ माणूस, पण व्याकरणाच्या बाबतीत हट्टी. शेवटी त्यांनी मुदत घातली. परवापासून छापखान्यात लग्नपत्रिका सुरू होणार, मग जेठापर्यंत मशीन मोकळी नाही. तेव्हा उद्या दिवेलागणीपर्यंत बाईंनी एकेक शब्द हातानं नीट करून 'मले' केला, तर 'मले' छापू. नाही केला, तर सर बटण दाबणार आणि सगळीकडे 'मला' होणार.

"आमच्या घरी बी बटन हाय," असं म्हणून बाईंनी फोन ठेवला आणि उज्ज्वलाला हाक मारली. उज्ज्वलानं बटण दाबलं. सगळे 'मेले' एका दमात 'मले' झाले. बाई खूश झाल्या आणि वाचायला बसल्या. तर भागिरथेचे चुलतसासरे भरल्या ताटावर 'मले'. तिचे आजोबा तापानं 'मले'. ज्यांना बाईंनी मुद्दाम, विचार करून, डोळ्यांत पाणी आणून मारलं होतं, ती तिन्ही माणसं ना धड जिवंत, ना धड मेलेली, अशी लोंबकळत राहिली.

"फिरव मांगं," बाई म्हणाल्या. उज्ज्वलानं मागं फिरवलं. सगळं गाव पुन्हा मेलं.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळपासून बाई बाजेवर ठाण मांडून होत्या. चष्मा नाकावर, मोबाईल मांडीवर, एकेका 'मेले'वर बोट. वरची मात्रा काढायची म्हणजे बोट नेमकं जागेवर पडायला पाहिजे. बाईंचं बोट विळा धरून जाड झालेलं, ते बाजूच्या तीन अक्षरांवर एकदम पडायचं. एक माणूस जिवंत करताना दोन शब्द मरत होते. मालक, म्हणजे नानाजी, ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. ते दोन दिवसांपासून रुसलेले. त्यांनी चोरून एक पान वाचलं होतं आणि त्यात 'मालक मेले' एवढंच त्यांना दिसलं होतं.

"पुढं वाचा न," बाई म्हणाल्या. "'मालक, मले पान्याचा तांब्या द्या' असं हाय ते."

"म्हंजे मेल्यावर बी मीच पानी देऊ," नानाजी म्हणाले आणि अडकित्त्याकडे पाहत राहिले.

हे सगळं बाईंनी सोसलं असतं. पण त्याच दिवशी गावाबाहेरच्या मोकळ्या वावरात शंकरपट भरला होता.

शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, हे सांगायला नको. पण मनकर्णाबाईंसाठी शंकरपट म्हणजे काय, हे सांगायला पाहिजे. टीव्हीवरच्या मालिका त्यांना आवडत नसत. 'घरात काय कमी हायेत' म्हणायच्या. सिनेमात त्यांना झोप यायची. पण जोडी सुटताना पाहिली की बाईंच्या अंगात वारं शिरायचं. बैलाचे कान पाहून तो पळणार की बसणार, हे त्या सांगायच्या. त्यात आज कामरगावची जोडी होती. कामरगाव बाईंचं माहेर, आणि जोडी हाकणारा धुरकरी त्यांचा भाचा हरीओम. भोंग्याचा आवाज थेट अंगणात येत होता. बाईंचा एक कान भागिरथेकडे आणि दुसरा पटाकडे. 'लाईन मोकळी करा' हे भोंग्यावर ऐकलं की त्या कादंबरीतली ओळ पुसून टाकायच्या.

दुपारी शेजारची कमलीबाई आली. कमलीबाईनं कादंबरीचं एक अक्षर वाचलेलं नव्हतं, त्यामुळं तिचा सल्ला अगदी मोकळा असे. सुरुवातीला तिनं सांगितलं होतं की सासूला आणखी दुष्ट कर. मग सांगितलं की शेवटी सगळे देवाला जाऊ दे, म्हणजे वाद राहत नाही. आज तिनं बाईंचं तोंड पाहिलं आणि तिसरा सल्ला दिला.

"काय व मनकर्णा, डोये पाह्य तुहे, मिरच्यावानी झाले. इसावा घे जराक."

"सांजेपावतो द्याचं हाय व हे."

"मानूस मशीन हाय काय? जराक पट पाहून येऊ. कामरगावची जोडी सुटली की वापस."

बाईंनी शेवटचं पान उघडलेलं होतं. त्यातलं एक वाक्य पुसलं गेलं होतं, ते पुन्हा सांगायला त्यांनी माईकचं बटण दाबलं आणि म्हटलं, "भागिरथा उंबऱ्यावर उभी राह्यली आन् म्हनली..." तेवढ्यात भोंग्यावर कामरगावचं नाव आलं. बाईंनी मोबाईल बटव्यात टाकला, बटवा कमरेला खोचला आणि उठल्या.

"आई, फोन बंद केला काय?" उज्ज्वलानं घरातून विचारलं.

"केला न!"

केला नव्हता. तरी बिघडलं नसतं. हे यंत्र असं होतं की बोलणारा गप्प बसला की आपोआप थांबायचं. अडचण एवढीच, की ते कमलीबाईसोबत निघालं होतं.

आणखी एक गोष्ट बाईंना सांगितलेली होती, पण त्या विसरल्या होत्या. ती फाईल सरांनीच बनवून दिलेली. इकडं केनवडला शब्द पडला की तिकडं वाशीमला सरांच्या मोबाईलवर तो जसाच्या तसा दिसायचा.

पटावर पोचल्या तर दारातच अडचण. यंदा कमिटीनं सुधारणा केली होती. बायांसाठी वेगळी जागा, आणि तिथं जायला पास. पास कुठं मिळतो? त्या टेबलावर. त्या टेबलावरच्या पोट्ट्यानं सांगितलं, आधार कार्ड दाखवा. बाईंनी दाखवलं. कार्डावर नाव पडलेलं 'मनकरण बाई'. पोट्टा म्हणाला, नाव जुळत नाही.

"कोनाशी जुळत नाही? मी अठी उभी हाय, तुह्या पुढं."

"आजी, तुमाले पासची गरजच नाही. ज्येष्ठ नागरिक तिकडं बसतात."

'तिकडं' म्हणजे हिरव्या जाळीमागं, पाण्याच्या टँकरजवळ. तिथून फक्त टँकर दिसत होता. शिवाय 'आजी'. मनकर्णाबाईंना स्वतःचे नातू आजी म्हणत, तेही परवानगी काढून. बाईंचा पारा चढला. त्या टेबलावर हात आपटून म्हणाल्या, "बोलाव तुह्या अध्यक्षाले! सांग त्याले, लेखिका आली म्हना!"

हे म्हणायला नको होतं. पण एकदा तोंडातून गेलं ते गेलं.

अध्यक्ष गुलाबसिंग स्टेजवर माईक धरून उभे होते. त्यांना सकाळपासून एकही पाहुणा मिळाला नव्हता. बोलावलेले सगळे 'येतो' म्हणून आले नव्हते. शाली तशाच पडून होत्या. लेखिका आली म्हटल्यावर ते धावतच आले. कादंबरीचं नाव विचारलं. बाईंनी सांगितलं. गुलाबसिंग म्हणाले, स्पेलिंग चुकायला नको, दाखवा. बाईंनी बटव्यातून पहिल्या पानाचा कागद काढून दाखवला, सरांच्या लाल खुणांसकट. आणि सगळ्या वावरात भोंगा घुमला:

"आपल्या पटाचं भाग्य! केनवडच्या ज्येष्ठ लेखिका मनकर्णाबाई इथं आल्या आहेत! त्यांची गाजणारी कादंबरी, 'मेले, जाऊ द्या'! जोरदार टाळ्या!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोन-चार म्हाताऱ्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

बाईंना स्टेजवर नेलं. शाल घातली, झेंडूचा हार घातला, नारळ हातात दिला आणि खुर्चीवर बसवलं. कमलीबाई बोलावली नसताना शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसली. तोवर ठीक होतं. मग बाईंच्या लक्षात आलं की स्टेज असं बांधलं आहे की लोकांना पाहुणे दिसावेत. पाहुण्यांना काय दिसावं, याचा विचार कमिटीनं केलाच नव्हता. खुर्च्यांची पाठ पटाच्या लाईनीकडे होती.

आणि त्याच वेळी कामरगावची जोडी लाईनीवर आली.

बाईंनी मान वळवली. मागं कापड बांधलेलं. त्या उठल्या, तर गुलाबसिंग म्हणाले, "बसा, बसा, सत्कारमूर्तीनं उठू नये." कापडाच्या फटीतून पाहावं, तर फटीत आधीच कमलीबाईचं डोकं.

"सरक न व! मले पाहू दे!"

"मले बी काई दिसून नाही राह्यलं!"

"मले भाचा पाह्याचा हाय! सरका! मले! मले!"

भोंगा ओरडत होता: "जोडी सुटली! जोडी सुटली! काय पळते जोडी! अरे, लाईन सोडली! पब्लिककडं आली! बाजूला व्हा, बाजूला व्हा!" झालं एवढंच होतं की लाईनीच्या कडेला कोणीतरी छत्री उघडली, जोडी बुजली आणि दोरीपाशी येऊन थांबली. कोणाला खरचटलंही नाही. बैलांनी छत्री हुंगली आणि हरीओमनं त्यांना वळवलं. पण बाईंनी यातलं काहीच पाहिलं नाही. त्यांना फक्त कमलीबाईचा अंबाडा दिसला.

वाशीमला काय झालं, ते बाईंना नंतर कळलं. पण ते आत्ताच सांगितलेलं बरं.

रंगराव सर दुपारचा चहा घेत होते. बाईंचं काम कुठवर आलं म्हणून त्यांनी फाईल उघडली, तर शेवटचं पान आपोआप वाढत होतं. सरांना कौतुक वाटलं. दुपारी या वयात बाई शेवट नव्यानं रचतायत! मध्येच फोन करून टोकलेलं बाईंना खपत नाही, हे अनुभवानं माहीत असल्यामुळं ते नुसते वाचत राहिले. चहा संपायच्या आत त्यांच्यासमोर हे उमटलं:

'भागिरथा उंबऱ्यावर उभी राहिली आणि म्हणाली चाल लवकर नाहीतर जोडी सुटून जाईल पास कुठं आहे मनकरण बाई ज्येष्ठ मेले जाऊ द्या टाळ्या बसा बसा सरक मेले पाहू दे मेले पण काही दिसत नाही मेले भाचा सरका मेले मेले जोडी सुटली लाईन सोडली पब्लिककडं आली बाजूला व्हा'

आणि तिथं गप्प. नेमकं तिथंच यंत्राला थकवा आला.

सरांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मनकर्णाबाई. ज्येष्ठ. मेले भाचा. जोडी लोकांत घुसली. त्यांनी बाईंना फोन लावला. घंटा वाजत राहिली. भोंग्यापुढं ती कोणाला ऐकू येणार? 'मेले' म्हणजे 'मले' हे बाईंनी त्यांना कालच सांगितलेलं होतं. पण माणूस घाबरला की त्याला कालचं काही आठवत नाही. सरांनी मदतीचा नंबर फिरवला, केनवडच्या पटात बैल घुसून बरेच लोक गेल्याचं कळवलं, आणि हेल्मेट घालून मोटारसायकलवर निघाले.

इकडं गुलाबसिंग बाईंना 'दोन शब्द बोला' म्हणत होते, तेवढ्यात भोंगा वाजवत ॲम्ब्युलन्स आली. बंदोबस्ताचे हवालदार तिथंच शेंगा खात बसले होते. त्यांचा फोन वाजला.

"किती मेले?" पलीकडून साहेबांनी विचारलं.

हवालदारांनी आजूबाजूला पाहिलं. "साहेब, कोणीच नाही."

"नीट पाहा. फोन आलाय. बरेच आहेत म्हणे."

हवालदारांनी नीट पाहिलं. मग ते स्टेजवर येऊन गुलाबसिंगांच्या कानात बोलले. गुलाबसिंगांचं तोंड उतरलं, पण हातात माईक असल्यावर त्यांना गप्प बसता येत नसे.

"सूचना! ज्यांचं कोणी मेलं असेल त्यांनी स्टेजजवळ यावं! घाबरू नये! जे मेले असतील त्यांनी आपल्या जागेवरच राहावं, ॲम्ब्युलन्स त्यांच्यापर्यंत येईल!"

मग जो गोंधळ झाला! बाया पोरं शोधत धावल्या, पोरं बाया शोधत. चौकशी होईपर्यंत पट बंद, असा हुकूम आला. जोड्या वळल्या, धुरकरी शिव्या देऊ लागले. ॲम्ब्युलन्सवाला म्हणाला, आलो आहे तर कोणाला तरी न्यावं लागेल, नाहीतर 'रुग्ण आढळला नाही' म्हणून सही द्या. सही कोणीच देईना. उद्या कोणी सापडला म्हणजे?

या गर्दीत धुळीनं पांढरे झालेले रंगराव सर पोचले. वाट काढत ते स्टेजसमोर आले आणि त्यांना दिसलं काय? मनकर्णाबाई. अंगावर शाल. गळ्यात झेंडूचा हार. पायाशी नारळ. आणि अपमानानं डोळे मिटून बसलेल्या.

सरांनी हेल्मेट काढलं, हात जोडले आणि मान खाली घातली. "बाई," ते म्हणाले, "मी तुमच्यावर मुदत लादायला नको होती."

बाईंनी डोळे उघडले. "सर? तुमी अठी?"

सर दोन पावलं मागं सरले. बाईंनाही त्याच क्षणी आठवलं की आपण आत्ता घरी बाजेवर बसून मात्रा काढत असायला पाहिजे होतं. हार पटकन काढून त्यांनी कमलीबाईच्या गळ्यात घातला. कमलीबाईनं तो घालून घेतला.

पुढचं सगळं हवालदारांनी उलगडलं. फोन कोणी केला? मी, सर म्हणाले. कशावरून? सरांनी मोबाईल पुढं केला. हवालदारांनी ते पान मोठ्यानं वाचलं, आणि गुलाबसिंगांच्या हातातला माईक सुरूच असल्यामुळं सगळ्या वावरानं ते ऐकलं. 'मेले पाहू दे' पाशी पहिला माणूस हसला. 'मेले भाचा'पाशी हरीओम बैलाच्या पाठीवर डोकं ठेवून हसत होता. बाईंना वाटलं, जमीन दुभंगली तर बरं. पण त्या वावरात काळी माती, उन्हाळ्याआधी दुभंगत नाही.

"साहेबाले कागद पाह्यजे," हवालदार म्हणाले. "फोन खोटा नव्हता, समजुतीचा घोटाळा झाला, असं तुमच्या हातानं लेहून द्या, सर. 'मले' म्हंजे काय, ते बी लेहा. आमचे साहेब दुसऱ्या जिल्ह्यातले हायेत. खाली या बाईची साक्षीदार म्हनून सही."

सर खुर्चीवर बसले, नारळ मांडीवर घेऊन त्यावर कागद ठेवला आणि लिहिलं. बाईंनी कागद हातात घेतला आणि एकेका अक्षराखाली बोट सरकवत वाचायला लागल्या. दिवस कलत होता. लोक ताटकळले होते. बाईंनी मुळीच घाई केली नाही.

"'मले हा मला या शब्दाचा... अ... अशु... अशुद्ध उच्चार असून.'" बाईंनी बोट तिथंच ठेवलं. "अशुद्ध?"

"बाई, तसं आता..."

"मी नाही करत सही."

"अवो, करा न मावशी," हवालदार काकुळतीला आले. "सहीबिगर पट नाही सुटत."

"अशुद्ध असंन तं मी साक्ष कायची देऊ? सर, तुमीच सांगा. बायकोले काय म्हनता घरी? 'मला च्या दे' म्हनता?"

मागून कोणी तरी ओरडलं, "सर, लेहून टाका न, बैल उभे हायेत!" सरांनी 'अशुद्ध' खोडलं. वर 'ग्रामीण' लिहिलं. बाईंनी मान हलवली. सरांनी 'ग्रामीण' खोडलं. 'प्रचलित' लिहिलं. बाईंनी त्याचा अर्थ विचारला, विचार केला आणि म्हणाल्या, "राहू द्या. पन त्याच्या आंधी 'शुद्ध' लावा."

अशा तऱ्हेनं वाशीमच्या निवृत्त मराठी शिक्षकांनी, सही आणि हुद्द्यानिशी, सरकारी कागदावर लिहून दिलं की 'मले' हा शुद्ध व प्रचलित शब्द आहे आणि कोणीही मेलेलं नाही. बाईंनी सही केली. नानाजी आणि उज्ज्वला बातमी ऐकून धावत आले होते. उज्ज्वलाला बाईंनी त्या कागदाचा फोटो काढायला लावला.

"दिवेलागण झाली, सर," बाई म्हणाल्या. "बटन दाबता?"

सर फोटोकडे पाहत म्हणाले, "नाही. आता मीच एकेक नीट करतो. छापखान्यात बसून. पण ते तीन खरे मेलेले कसे ओळखू?"

"शंका आली की फोन करा. अंदाजानं कोनाले मारू नोका आन् अंदाजानं कोनाले उठवू नोका."

बाईंना वाटलं, जिंकलो. पण पट त्या दिवशी सुटला नाही. अंधार पडला. ज्या एका जोडीसाठी सगळा उपद्व्याप, ती जोडी बाईंनी पाहिलेलीच नव्हती. नानाजी वाटेत एवढंच म्हणाले, "तुमच्या कादंबरीत मीच एकटा वाचलो म्हना."

दुसऱ्या दिवशी सकाळी पट पुन्हा सुरू झाला. छत्रीमुळं जोडी बुजली म्हणून कामरगावला पुन्हा पळवायचं ठरलं. बाईंनी कोणाचा पास मागितला नाही, कोणाचं स्टेज मागितलं नाही. घरून स्वतःची खुर्ची डोक्यावर आणली आणि दोरीला लावून बसल्या. समोर लाईन, लाईनीवर बैल, मध्ये कोणी नाही. कमलीबाईलासुद्धा डाव्या अंगाला बसवलं.

सकाळपासून सरांचे फोन सुरू होते. 'मेले तहान लागली' हे मेले का मले? मले. 'मेले कोणी विचारलं नाही'? मले, सर, मले. दर वेळी जोडी सुटायच्या बेताला फोन यायचा, आणि फोन ठेवेपर्यंत जोडी पलीकडं पोचलेली असायची. पण घेतला नाही, तर सर अंदाजानं कोणाला तरी मारतील.

कामरगावची जोडी लाईनीवर आली. हरीओमनं कासरा आवळला. भोंगा श्वास रोखून गप्प झाला. झेंडीवाल्यानं हात वर केला. बाईंच्या अंगात वारं शिरलं.

फोन वाजला.

"बाई, चुलतसासरे. भरल्या ताटावर. हे..."

"मेले," बाई हळू म्हणाल्या.

"मले?"

"मेले."

"नीट ऐकू येत नाही. मले का?"

"मेले! मेले! खरोखर मेले, सर!"

सगळं वावर गप्प होतं आणि बाईंचा आवाज भोंग्याच्या तोडीचा. हजार माना दोरीकडं वळल्या. बाया उठल्या. हवालदारांच्या हातातल्या शेंगा सांडल्या. "कोन मेले? कोन मेले?" म्हणत गर्दी बाईंच्या खुर्चीभोवती गोळा झाली, आणि त्या गर्दीच्या मागून झेंडी पडल्याचा, घुंगरांचा, धुळीचा आणि टाळ्यांचा आवाज येऊन निघून गेला.

बाईंनी टाचा उंच केल्या. त्यांना फक्त धूळ दिसली. मोबाईल अजून कानाशीच होता.

"सर," त्या दातओठ खात म्हणाल्या, "तुमाले भोंगा आयकू येऊन राह्यला असंन. आमची जोडी कशी पयाली, तेवढं तं सांगा."

सकाळपासून मात्रा काढून काढून सरांचं बोट सुजलं होतं, पत्रिकावाले दारात उभे होते, चहा झाला नव्हता. ते छापखान्यातून वैतागून ओरडले, "मले काय मालूम, बाई!"

मनकर्णाबाई खुर्चीवर बसल्या. भोवतीची गर्दी विचारत होती, कोण मेलं, कुठं मेलं. बाईंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"काय म्हनले, सर?" त्यांनी विचारलं. "आखीन एक डाव म्हना."